कंपनीचे ब्रेक पुरेसे आहेत काय?

श्रीरामपूरच्या बाजारपेठेत पूर्वी पोरे बापाकडे स्कूटर मागत, मग मोटारसायकल मागू लागली, आता स्वस्तातली स्पोर्ट्स कार मागतात. गाडी दारात आली की महिनाभरात दुसरी मागणी येते: कंपनीचे ब्रेक काढून मोठे ब्रेक बसवायचे. कुणी म्हणतो, कंपनीचे ब्रेक नावालाच असतात. कुणी म्हणतो, एवढी मोठी कंपनी काय वेडी आहे? पैसा बापाचा आणि जीव पोराचा, म्हणून या सवालाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. आम्ही कापडाचे व्यापारी, मिस्त्री नव्हे. पण माल पारखण्याची सवय आम्हाला आहे. शिवाय गॅरेज, टायर आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात आपले कितीतरी भाऊ आहेत, त्यांचाही हा प्रश्न आहे.

गाड्या आपल्याच मुलखातल्या

आपल्याकडे परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे साध्या छोट्या गाडीत बसवलेले जोरदार इंजिन. अशा दोन गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 2013 साली आली, ताकद 105 पीएस. पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावातून फियाटची अबार्थ पुंटो 2015 साली आली, ताकद 145 अश्वशक्ती आणि सुरुवातीची शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. आज दोन्ही नव्या मिळत नाहीत. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र त्यांचे शौकीन आहेत. पोलोला पुढे डिस्क आणि मागे ड्रम, तर अबार्थला चारही चाकांना डिस्क. वादाचे मूळ इथेच आहे: मागे ड्रम असलेली वेगवान गाडी घ्यावी की नाही?

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. म्हणून एकदा जोरात थांबण्यापुरते पाहिले तर मागचा ड्रम कमी पडत नाही. डिस्कचा खरा फायदा असा की ती उघडी असल्याने लवकर थंड होते. पुन्हा पुन्हा ब्रेक लावावा लागला तरच हा फरक कळतो.

कायदा काय तपासतो

नवे मॉडेल बाजारात येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे त्याला तपासणी संस्थेचा दाखला लागतो. पुण्याची एआरएआय ही अशी संस्था आहे, आणि आपल्या नगरजवळ वाहननगरची व्हीआरडीई हीसुद्धा. ब्रेकची कसोटी कशी असते, हे युरोपच्या नियमावरून समजेल. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर वेगाची कार 70 मीटरच्या आत थांबली पाहिजे. चांगल्या गाड्या त्यापेक्षा पुष्कळ आधी थांबतात. मग दर 45 सेकंदांनी असे 15 वेळा ब्रेक लावून ते तापवतात. तापलेल्या ब्रेकने थंड ब्रेकच्या निदान 60 टक्के काम केले पाहिजे. म्हणजे तापलेला ब्रेक कमजोर पडतो, हे कायद्यानेही मान्य केले आहे.

सारा खेळ उष्णतेचा

ब्रेक वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. माणसांसह 1200 किलोची गाडी 100 च्या वेगावरून थांबवली, तर सव्वा लिटरहून जास्त थंड पाणी उकळीला येईल एवढी उष्णता निघते. आता घाटाचा हिशेब पाहा. हीच गाडी उतारावर 100 मीटर खाली आली, तर 100 च्या वेगावरून अडीच वेळा थांबवण्याएवढी उष्णता होते. मुंबईला जाताना कसारा घाट किंवा सुरतेला माल घ्यायला जाताना सापुताऱ्याचा घाट मोठ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ही सगळी उष्णता ब्रेकवर पडते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन झेलते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

उष्णतेने दोन बिघाड होतात. पॅड जास्त तापले की त्यांची पकड सुटते, पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही. दुसरा बिघाड ब्रेक ऑईलचा. हे ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 जातीचे नवे ऑईल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. ऑईल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे. जुनी गाडी घेतली तर पहिल्याच आठवड्यात बदलून घ्यावे.

मोठे ब्रेक कधी?

आता मुद्द्याची गोष्ट. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून पाहा. एबीएस चालू झाला, पेडल थरथरले, तर ब्रेकमध्ये चाक अडवण्याची ताकद पुरेशी आहे. पुढची मर्यादा टायरची. तिथे मोठी डिस्क लावून गाडी एक हातही आधी थांबणार नाही, चांगल्या टायरने मात्र थांबेल. टायर झिजलेला ठेवून ब्रेकवर पैसा ओतणे म्हणजे विटक्या कापडावर जरीची किनार लावणे होय.

मोठ्या डिस्कची गरज खरोखर कोणाला? ज्याने इंजिनची ताकद वाढवली आहे, किंवा जो शर्यतीच्या ट्रॅकवर फेऱ्यांवर फेऱ्या मारतो त्याला. पण नुसते पुढचे ब्रेक वाढवले तर कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांत बसवलेला तोल बिघडतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधन घालते, आणि अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते ती अशाच फेरफारावर.

आपल्या रस्त्यांवर

साखर हंगामात रात्री नगर-मनमाड रस्त्यावर उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय चालते. 80 चा वेग असेल तर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एका सेकंदात गाडी 22 मीटर जाते, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला 30 मीटर लागतात. 100 च्या वेगाला एकूण 75 मीटर होतात. समृद्धी महामार्गावर मोटारीला 120 ची मुभा आहे, तिथे शंभर मीटर धरा. खालच्या दिव्याचा उजेड यातल्या बऱ्याच अंतरापर्यंत पोहोचत नाही. हे अंतर कोणताही महागडा ब्रेक भरून काढत नाही. वेगच कमी करावा लागतो.

दुकानदार भावांना

आमचे मत स्पष्ट आहे. ज्या गाडीचे इंजिन मूळचे आहे आणि जी रस्त्यावरच चालते, तिला कंपनीचे ब्रेक पुरेसे आहेत. अट एकच, ते कंपनीने दिले तसे राहिले पाहिजेत. इथे आपल्या भावांची जबाबदारी येते. डब्यावर नाव एक आणि आत पॅड भलतेच, असा माल बाजारात फिरतो. आमच्या धंद्यात पक्का म्हणून विकलेल्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भांडते. नकली पॅडचे गिऱ्हाईक भांडायला येईलच असे नाही. म्हणून पॅड पक्क्या बिलावर घ्या, बिलावर द्या, आणि जुने पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

आणि बापांना एवढेच सांगणे. पोराने मोठ्या डिस्कसाठी पैसे मागितले तर लगेच नाही म्हणू नका. त्याच पैशात आधी चार चांगले टायर, अस्सल पॅड आणि ताजे ऑईल घालून द्या. एवढे करून पैसे उरले तर ते दुकानाच्या गल्ल्यात ठेवा.