तारीख तीच, रांग वेगळी

१८ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकी हवाई दलातल्या एका कर्नलनं दल बदललं. त्यात नवल वाटावं असं काही नाही, असं तुम्ही म्हणाल. पण माइक हॉपकिन्स त्या वेळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते, जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर. सोहळा व्हिडिओवरून पार पडला आणि हवाई दलाचा माणूस स्पेस फोर्सचा झाला. त्या दलाला स्थापन होऊन वर्ष पूर्ण व्हायला अजून दोन दिवस बाकी होते.

शपथेआधी हॉपकिन्स कर्नल होते, शपथेनंतरही कर्नलच राहिले. मला या गोष्टीतलं खरं आश्चर्य इथं दिसतं. ज्या दलाला पुरतं एक वर्षही झालं नव्हतं, त्यात पंचवीसहून अधिक वर्षं नोकरी केलेला कर्नल आला कुठून? त्यानं ती वर्षं दुसऱ्याच दलात घालवली होती. ती जशीच्या तशी बरोबर कशी आली?

याचं उत्तर एका तारखेत आहे. फौजेत दोन कर्नल समोरासमोर आले तर वरचढ कोण, हे त्यांच्या पदकांवरून ठरत नाही आणि हुशारीवरूनही नाही. कर्नल आधी कोण झालं, एवढंच पाहिलं जातं. हुद्दा मिळाल्याची तारीख प्रत्येक अधिकाऱ्याच्या नावाला कायमची चिकटलेली असते. ती दोघांची एकच निघाली, तर एक पायरी खाली उतरून मागच्या हुद्द्याची तारीख तपासतात. अधिकारी एका दलातून दुसऱ्यात गेला तरी ही तारीख त्याच्याबरोबर जाते. अमेरिकी कायद्यानं त्यावर एक साधी पण पक्की अट घातली आहे: बदलीच्या आदल्या दिवशी त्याचा जो मान होता, त्यापेक्षा वरचा मान नव्या दलात त्याला देता येत नाही. म्हणजे दल बदलून कुणी उडी मारून पुढे जायचं नाही.

एका दिवसाच्या फरकाला किती किंमत असते, हे पाहायचं तर १९४४ च्या डिसेंबरात जायला हवं. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. अमेरिकी संसदेनं पंचतारांकित हुद्दा निर्माण केला आणि तो कुणाला द्यायचा, तेही ठरलं. पण सगळ्यांना एकाच दिवशी दिला असता तर वरचढ कोण, हा प्रश्न उरला असता. मग तारखा ओळीनं लावल्या गेल्या. १५ डिसेंबरला नौदलाचे लेही, १६ ला भूदलाचे मार्शल, १७ ला नौदलाचे किंग, १८ ला मॅकआर्थर, १९ ला निमिट्झ, २० ला आयझेनहॉवर आणि २१ ला हॅप अर्नोल्ड. एक नौदलाचा, एक भूदलाचा, पुन्हा नौदलाचा, पुन्हा भूदलाचा. जगभर लाखो सैनिक लढत असताना सात माणसांच्या सात तारखा इतक्या काळजीनं मांडल्या गेल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ ती यादीच पाहत बसलो होतो.

त्या यादीतले शेवटचे अर्नोल्ड आपल्या विषयाला सर्वांत जवळचे. १९४४ मध्ये अमेरिकेला स्वतंत्र हवाई दल नव्हतं. विमानं भूदलाच्या ताब्यात होती, म्हणून अर्नोल्ड भूदलाचे पंचतारांकित जनरल झाले. १८ सप्टेंबर १९४७ रोजी हवाई दल वेगळं झालं आणि ७ मे १९४९ रोजी, निवृत्तीनंतर, अर्नोल्ड यांना हवाई दलाचा पंचतारांकित हुद्दा देण्यात आला. दोन वेगवेगळ्या दलांत पाच तारे मिळवलेला दुसरा माणूस नाही.

दल बदलण्याचे प्रसंग विरळाच. एकाच दलात राहून काम बदलणं मात्र नेहमीचं. पायदळातून गुप्तवार्ता विभागात, रणगाड्यांतून रसद विभागात अशा बदल्या होत असतात. इथंही तारखेला धक्का लागत नाही, पण दुसरंच काहीतरी बदलतं. १९८० साली अमेरिकेत अधिकाऱ्यांच्या बढत्यांचा मोठा कायदा झाला. त्याच्या चौकटीत अधिकाऱ्यांचे स्पर्धागट पाडले जातात आणि बढती मंडळ एका गटातल्या अधिकाऱ्यांची तुलना त्याच गटातल्या अधिकाऱ्यांशी करतं. देवळाच्या दर्शनबारीत एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत गेल्यावर जे होतं, तेच इथं होतं. तुम्ही किती वाजता आलात ते बदलत नाही. पण पुढे कोण उभं आहे, मागे कोण आहे आणि ही रांग किती वेगानं सरकते, हे सगळं बदलतं. ज्येष्ठता जशीच्या तशी असूनही पुढच्या हुद्द्याची शक्यता वाढते किंवा घटते. मेजर व्हायला निघालेल्या एखाद्या कॅप्टननं हे नीट पाहिलं नाही, तर नव्या गटाच्या मानानं त्याच्या गाठीशी त्या कामाचा अनुभव थोडा असतो आणि मंडळासमोर तो फिका पडतो.

तारीखच हलते अशा जागा फार थोड्या, आणि त्यांतली सर्वांत नवलाची म्हणजे वैद्यकीय शाखा. डॉक्टर फौजेत येतो तेव्हा वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षं जणू नोकरीतच गेली असं धरून त्याला श्रेय मिळतं, त्यामुळे अमेरिकी भूदलात नवा डॉक्टर साधारणपणे थेट कॅप्टन म्हणून दाखल होतो. आपल्याकडेही आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर येणारा डॉक्टर कॅप्टन म्हणूनच येतो. आता उलटी बाजू पाहा. बेथेस्डा इथं अमेरिकी सैन्यदलांचं स्वतःचं वैद्यकीय विद्यापीठ आहे, १९७२ च्या कायद्यानं उभं राहिलेलं. तिथं शिकणारा विद्यार्थी साधारणपणे सेकंड लेफ्टनंट किंवा त्याच दर्जाचा अधिकारी असतो. तोफखान्यात कॅप्टनपर्यंत चढलेल्या अधिकाऱ्यानं तिथं प्रवेश घेतला, तर दीर्घकाळ रीत अशी होती की त्यानं खांद्यावरची कॅप्टनची खूण उतरवायची आणि पुन्हा सेकंड लेफ्टनंट व्हायचं. पुढे अशांचा जुना पगार राखण्याची सोय झाली, पण हुद्दा खाली यायचाच. पदवी हाती आली की तो पुन्हा कॅप्टन व्हायचा. एका आयुष्यात एकच हुद्दा दोनदा, मध्ये चार वर्षांची खोल दरी. माझ्या मते यात अन्याय नव्हता. एकच काळ दोनदा मोजायचा नाही, हे तत्त्व तिथं पाळलेलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या कमाईवर पाणी सोडून डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाविषयी मला नुसता आदर वाटतो.

भारतीय भूदलात तारखेचं राज्य तितकंच पक्कं आहे. खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेले दोन अनोळखी अधिकारी भेटले की नावानंतरचा पहिला प्रश्न असतो, "कोर्स कुठला?" त्या एका आकड्यावर कुणी कुणाला सर म्हणायचं ते ठरतं. देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीची पहिली तुकडी डिसेंबर १९३४ मध्ये बाहेर पडली, पण त्या अधिकाऱ्यांची ज्येष्ठता त्याच वर्षीच्या ४ फेब्रुवारीपासून धरली गेली. सॅम माणेकशॉ त्याच तुकडीतले. त्यांची पलटण होती फ्रंटियर फोर्स रेजिमेंटची. फाळणीत ती पाकिस्तानकडे गेली. माणेकशॉ आधी सोळाव्या पंजाब रेजिमेंटमध्ये, मग पाचव्या गुरखा रायफल्समध्ये नेमले गेले. पलटण गेली, रेजिमेंट गेली, देशाची सीमाही बदलली. १९३४ ची तारीख मात्र त्यांच्यापाशीच राहिली, आणि तिच्याच आधारावर ते पुढे चढत गेले.

आजही जखमेमुळे किंवा वैद्यकीय श्रेणी घसरल्यामुळे पायदळातला अधिकारी ऑर्डनन्स किंवा सर्व्हिस कोअरमध्ये जातो. त्याचं कमिशन तेच राहतं. पण इथंही रांग बदलते, आणि भारतात रांगेचा हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

कारगिलनंतर पलटणींचं नेतृत्व करणारे कर्नल वयानं तरुण असावेत, अशी गरज जाणवली. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशीतून कर्नलच्या १,४८४ जादा जागा निर्माण झाल्या. या जागा कोणत्या शाखेला किती द्यायच्या? २००९ च्या धोरणात मोठा वाटा पायदळ आणि तोफखान्याला गेला, कारण तिथं पलटणीच्या कमांडचा काळ छोटा ठेवायचा होता आणि म्हणून कर्नल जास्त लागणार होते. बाकीच्या शाखांतल्या अधिकाऱ्यांना हे डावलणं वाटलं. कमिशनची तारीख तीच, अकादमी तीच, तरीही शेजारच्या शाखेतला कोर्समेट कर्नल होणार आणि आपण लेफ्टनंट कर्नल राहणार! सशस्त्र दल न्यायाधिकरणानं २०१५ मध्ये हे धोरण रद्द केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ग्राह्य धरलं, पण लढाईत साहाय्य करणाऱ्या, म्हणजे कॉम्बॅट सपोर्ट शाखांसाठी १४१ जादा जागा निर्माण करायला सांगितलं. दोन्ही बाजूंना स्वतःचं दुःख होतं आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पलटणीला तरुण कर्नल हवा, ही युद्धाची गरज. आणि विशीत मिळालेल्या शाखेवर चाळिशीतलं भवितव्य ठरावं, ही अधिकाऱ्याची व्यथा. मला न्यायालयाचा तोडगा शहाणपणाचा वाटतो, कारण त्यानं एकाचं काढून दुसऱ्याला दिलं नाही.

ब्रिगेडियरच्या पायरीवर मात्र चित्र पालटतं. तिथून पुढे लढाऊ शाखांचे बहुतेक अधिकारी जनरल केडरमध्ये येतात आणि शाखांच्या भिंती मागे पडतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेशही एकसारखा झाला. टोपी, कॉलरवरच्या पट्ट्या, पट्टा, बूट, सगळं सारखं. शाखा ओळखू येईल अशी दोरी खांद्याला राहिली नाही.

तरीही सर्वांत वरच्या खुर्चीत स्वतंत्र भारतात पायदळ, रणगाडे आणि तोफखाना यांचेच अधिकारी बसत आले होते. ३० एप्रिल २०२२ रोजी तो क्रम मोडला. नागपूरचे मनोज पांडे, डिसेंबर १९८२ मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये कमिशन मिळालेले, भारताचे लष्करप्रमुख झाले. कोअर ऑफ इंजिनिअर्समधून त्या पदावर पोचलेले ते पहिले अधिकारी.