जुन्या गाडीचे मोल

१९७० नंतरच्या दशकात वापरलेली बजाज स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई. नवीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुनी पैसे मोजताच दारात येई. त्या जादा किमतीत यंत्राचे मोल थोडे, वाचलेल्या प्रतीक्षेचे अधिक होते. ती टंचाई सरली. आज जुन्या गाडीचा ग्राहक किंमत मोजतो ती स्वतःच्या अज्ञानाची.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली हेच मांडले. गाडीतील खोट विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. म्हणून ग्राहक सरासरी दर्जाचाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास राजी होत नाही आणि बाजारात खोटा माल उरतो. (हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता, २००१ साली अकरलॉफ नोबेलचे एक मानकरी ठरले.)

मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे काय, हे नोंदणीच्या दप्तरात सापडते. किलोमीटरचा काटा मात्र मागे फिरविता येतो. चाणाक्ष गिऱ्हाईक क्लचच्या पेडलवरील झिजलेले रबर पाहते, सर्व्हिसिंगची बिले मागते. कर्ज काढून पहिला टेम्पो घेणाऱ्या तरुणाने ही विद्या कोठे शिकावी? ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत धावलेले मैल नोंदले जातात व ती नोंद कोणासही पाहता येते. आपल्याकडेही प्रदूषण तपासणीसाठी गाडी ठरावीक मुदतीने केंद्रावर न्यावी लागतेच. तेथेच काट्यावरील आकडा टिपून तो सर्वांस खुला करण्यास परिवहन खात्याला मोठा खर्च येऊ नये.