ठोसेघरची शीळ आणि परसातला दयाळ

पावसाळ्यात ठोसेघरला उजाडायच्या आत पोचलात, तर धुक्यात आधी धबधब्याचा घोष कानी पडतो आणि मग त्यातून वाट काढत येणारी एक शीळ. कुणी शाळकरी पोर रमतगमत, मध्येच चाल विसरत, पुन्हा पकडत निघालंय असं वाटावं. हा शीळकरी कस्तूर. १८३१ मध्ये व्हिगर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि थॉमस हॉर्सफील्ड या निसर्गअभ्यासकाचं नाव त्याला दिलं.

सावलीत तो नुसता काळा दिसतो. उन्हाची तिरीप पडली की कपाळ आणि खांदे लखकन निळे होतात. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश तेवढा उलटून येतो. ओढ्यातला खेकडा पकडला की तो दगडावर आपटून आपटून फोडतो, नांग्या गळून पडल्या की मगच गिळतो.

नावात कस्तूर असला, तरी हा खरा कस्तूर नव्हे. चोच, बांधा आणि जमिनीवर भक्ष्य शोधायची सवय पाहून त्याला पूर्वी कस्तुरांच्या टर्डिडी कुळात घातलं होतं. पुढे डीएनए तपासला तेव्हा तो मस्कीकॅपिडी, म्हणजे माशीमारांच्या कुळातला निघाला. सांगलीच्या परसात उन्हाळ्याच्या पहाटे गाणारा काळा-पांढरा दयाळ याच कुळातला. जत-आटपाडीच्या माळावर शेपटी उभारून फिरणारा चिरक आणि बाभळीच्या शेंड्यावर बसणारा गप्पीदासही त्यातलेच. हिवाळ्यात हिमालयाकडून येऊन किल्ल्यांच्या तटावर एकटाच बसणारा निळा कस्तूरसुद्धा नावापुरताच कस्तूर! मला ही सोयरीक फार मोलाची वाटते. कोयनेच्या चिंब रानातला गायक आणि दुष्काळी माळावरचा चिरक एकाच घरचे आहेत, हे नुसतं पाहून कधीच कळलं नसतं.

खरे कस्तूर पाहायचे तर महाबळेश्वरच्या राईत जावं. तिथे नारिंगी डोक्याचा कस्तूर पाचोळा उलटून किडे वेचतो आणि काळा कस्तूर झाडावरून गात असतो. कस्तुरांचं आणि माशीमारांचं, ही दोन्ही कुळं एकमेकांची जवळची भावकी आहेत. साळुंक्याही याच गोतातल्या, थोड्या लांबच्या.

शीळकरी कस्तूर साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात, ओढ्या-धबधब्यालगतच्या कपारीत शेवाळ, मुळ्या आणि चिखलाचं घरटं करतो. आपली पर्यटनाची गर्दीही ऐन पावसात तिथेच लोटते. तेव्हा फोटोसाठी कपारीपर्यंत चढू नका आणि मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून पक्षी घरटं सोडून धावतो.