जिंदो बेटावरून गंगनमकडे

कोरियन गाण्यांचं वेड आज बीटीएस या पॉप बँडपासून सुरू होतं. कीथ हॉवर्ड यांचं सुरू झालं ते मृतात्म्याला धुऊन-पुसून परलोकी पाठवणाऱ्या विधीपासून. हॉवर्ड हे लंडनच्या 'सोआस' विद्यापीठातले एथ्नोम्युझिकॉलॉजिस्ट, म्हणजे गाणं ते गाणाऱ्या समाजासकट अभ्यासणारे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दक्षिण कोरियातल्या जिंदो बेटावर जाऊन राहिले. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला १९८४ साली, यावरून त्या जागेचा आडवळणीपणा समजावा. शेतातली गाणी, गावोगावची ढोलपथकं आणि तो 'स्सित्किमगुत' विधी, यांवरचं त्यांचं पुस्तक १९८९ साली आलं.

असा माणूस पॉपकडे वळला की विद्यापीठात भुवया उंचावतात. लोकगीत म्हणजे ठेवा आणि पॉप म्हणजे बाजार, ही सोयीची वाटणी आपल्याकडेही मुरलेली आहे. कोरियात मात्र ती टिकत नाही. तिथे १९६२ साली सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा झाला. पुढे त्यानुसार निवडक कलावंतांना सरकारी मान आणि मानधन मिळू लागलं. सत्ता होती पार्क चुंग-ही यांची. याच पार्कच्या राजवटीने १९७५ साली शेकडो गाण्यांवर बंदी घातली आणि रॉक गिटारवादक शिन जुंग-ह्यन यांना गांजाच्या प्रकरणात तुरुंगात टाकलं. एका हाताने गोंजारायचं, दुसऱ्याने गळा दाबायचा! कुठलं गाणं 'आपलं' हे कोण ठरवतं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

२००६ साली हॉवर्ड यांची जपणुकीवरची आणि कोरियन पॉपवरची पुस्तकं एकाच वर्षी निघाली, हे मला म्हणूनच योगायोगाचं वाटत नाही. पॉपवरचं पुस्तक संपादित आहे, आणि अशा पुस्तकांचा तुकडे जोडल्याचा दोष त्यातही आहे. ते आज जुनंही झालं. यूट्यूब तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. कोरियन पॉपची मदार होती दूरचित्रवाणीवर. १९९२ साली गायक सो तेजी आणि त्याचे साथीदार टीव्हीवर आले, परीक्षकांनी त्यांना कमी गुण दिले आणि पोराटोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

पुढे 'सामुलनोरी' या ढोलवादनावर २०१५ साली आणि उत्तर कोरियातल्या संगीत-नृत्यावर २०२० साली हॉवर्ड यांची पुस्तकं आली. या शेवटच्या पुस्तकात गाणं सरळ नेत्याच्या चाकरीला उभं आहे. माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी काम तेच. के-पॉपवरच्या आजच्या पुस्तकांत चाहते, कंपन्या, निर्यातीचे आकडे असतात. गाणं मात्र पुष्कळदा हरवलेलं असतं. हॉवर्ड यांचे कान जिंदोत तयार झाले, म्हणून त्यांच्याकडे ते हरवत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये 'आरिरांग' हे कोरियन लोकगीत युनेस्कोच्या वारसायादीत गेलं. त्याच महिन्यात 'गंगनम स्टाइल' यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिलं गेलेलं पहिलं गाणं ठरलं.