फोटो-फॉर्मच्या दुकानात संगणकाला कामाला लावा

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या गावात झेरॉक्स, फोटो आणि ऑनलाइन फॉर्म हे तिन्ही धंदे बहुधा एकाच टेबलावर चालतात. भरतीची मुदत संपत आली की गर्दी उसळते. फॉर्म लवकर भरून होतो, वेळ खातो तो फोटो. उघडा, कापा, लहान करा, केबी बघा, पुन्हा करा. शेवटच्या तारखेला फोटो नाकारला गेला तर पोराचे वर्ष जाते आणि दुकानाचे नावही.

हे काम संगणकाला एकदा नेमून देता येते, हे आमच्या अनेक दुकानदार बंधूंनी अजून मनावर घेतलेले नाही. महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. इरफानव्ह्यू हा छोटा प्रोग्राम मूळच्या बोस्नियाच्या इरफान स्किल्यान यांनी १९९६ मध्ये काढला. तो उघडून 'बी' दाबले की बॅचची खिडकी येते. तिथे पन्नास फोटो एकदम निवडा, माप द्या. सगळे एका दमात तयार.

पण माप नीट द्यायला हवे. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी मागतात. सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. तो २०० रुंद केला तर उंची २५७ येते. जबरदस्तीने २३० मध्ये बसवला की चेहरा चपटा होतो. म्हणून आधी वरून-खालून कापून घ्या. हे मात्र डोळ्यानेच करावे, संगणकावर सोडू नये.

दुसरी खोच केबीची. फोटो मोठा झाला तर नाकारतात हे सर्वांना ठाऊक आहे. २० च्या खाली गेला तरी नाकारतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एवढ्या लहान फोटोला क्वालिटी ८० ठेवली तर तो खाली घसरू शकतो. ९५ च्या पुढे ठेवून पाहा.

माप जमले की 'सेव्ह सेटिंग्ज' करून ते वेगळ्या नावाने ठेवा: बँकेच्या फोटोचे एक, सहीचे दुसरे, पोलीस भरतीचे तिसरे. पुढच्या वेळी फक्त 'लोड' करायचे. नव्या जाहिरातीत माप बदलले तर आकडा तेवढा बदलावा. मुलगा दुकानात बसला असला तरी काम अडत नाही. नव्या सेटिंगवर आधी दोनच फोटो चालवून बघा.

त्याच खिडकीत मूळ फाइल पुसून टाकण्याची आणि जुन्या फाइलवर नवी चढवण्याची खूण असते. त्या दोन्ही बंद ठेवा, तयार फोटो वेगळ्या फोल्डरात जाऊ द्या. फॉर्म गेला की गिऱ्हाइकाचा फोटो आणि सही आपल्या हाताने पुसा; ती त्याची अमानत आहे.

आणखी एक. इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. रक्कम किरकोळ आहे, दुकानदाराने ती भरावी.