कळंबोलीचं दार चंद्र लावतो

‘सिडकोचं घर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? ओल धरलेल्या भिंती आणि एका साच्यातून काढल्यासारख्या इमारती. नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या बैठ्या घरांबद्दलही असंच बोललं जातं. पण ही वसाहत जिथे वसली आहे ती जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

मग खाडी आत का शिरत नाही? आणि जुलैत धो धो कोसळणारा पाऊस बाहेर जातो तरी कसा? पाणी काही चढ चढत नाही!

त्यासाठी आहे होल्डिंग पॉण्ड, म्हणजे धारण तलाव. गल्लीतलं गटार नाल्याला मिळतं, नाला तलावाला, आणि तलावाच्या तोंडाशी असते खाडीकडेच उघडणारी झडप. भरती चढली की खाडीचं पाणी तिला बाहेरून रेटतं आणि ती मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वरचढ ठरतो आणि ती आपसूक उघडते. आपल्या हृदयातल्या झडपा अगदी अशाच चालतात. दिवसातून दोनदा चंद्र हे दार लावतो आणि उघडतो. दार मिटलेलं असेल तेवढे तास पडेल तो पाऊस तलावाने पोटात ठेवायचा.

रायगडच्या आगरी शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. खारभूमीच्या बांधात अशीच ‘उघाडी’ असते. तिच्याच भरवशावर समुद्राच्या कुशीत भात पिकतो. नवी मुंबई उभी राहिली ती अशाच ९५ गावांच्या जमिनींवर. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन करणाऱ्या पाच जणांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले. इथल्या वसाहतींत राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

तलावात गाळ साचला की पोट लहान होतं. गाळात तिवरं रुजतात, त्यांना कायद्याचं संरक्षण, म्हणून उपसा अडतो. पोटात मावेना की पाणी गल्लीत थांबतं. २६ जुलै २००५ ला तर ते कळंबोलीत घराघरांत शिरलं होतं.

यंदा गल्लीत पाणी तुंबलं, तर आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा कोळ्यांचा जुना हिशेब. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला दार मिटलेलं असणार. संध्याकाळी, ओहोटी लागली की उघडेल.