भोक पाडायचंय? तेही काचेला?

घरातली फिशटँक म्हणजे ऑफिसातल्या टेन्शनवरचा रामबाण उपाय. पण तिला सम्प जोडायचा म्हटलं की एक दिवस हातात ड्रिल घ्यावंच लागतं. आणि मग खरं टेन्शन सुरू होतं!

शनिवारची सकाळ. ठाण्यातल्या एका सोसायटीची गच्ची. थर्माकोलच्या शीटवर चार फुटी काचेची टाकी पालथी-आडवी झोपवलेली. शेजारी गुडघे टेकून बसलेला माझा मित्र, सोमवार ते शुक्रवार कोडिंग करणारा. डोळ्यांवर गॉगल, हातात ड्रिल आणि चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवशीचे भाव. ‘‘तू फोटो काढू नकोस यार, हात थरथरतोय,’’ एवढंच बोलला.

आता नॉर्मल माणसाला प्रश्न पडेल, की ज्या टाकीत पाणी भरायचं तिलाच भोक कशाला? मलाही पडला होता. त्याचं उत्तर बंड्यामध्ये आहे.

बंड्या कोण?

बंड्या हा ऑस्कर मासा. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. मित्राने आणला तेव्हा दोन इंचांचा, खिशात मावेल एवढा. पण ऑस्कर फूटभरापर्यंत वाढतो आणि खातोही तसाच, पंगतीत बसल्यासारखा. जितकं खाणं तितकीच घाण. टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा छोटा फिल्टर त्याला पुरत नाही. म्हणून मग सम्प. म्हणजे खालच्या कपाटात आणखी एक टाकी, तिच्यात स्पंज, फिल्टरचं सामान आणि पंप. वरचं पाणी खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

वरचं पाणी खाली आणायचे दोन मार्ग. पहिला, काठावरून उलट्या ‘यू’सारखा सायफनचा पाइप टाकायचा. काचेला धक्का नाही, काम पाच मिनिटांत. मित्राने तेच केलं होतं. मग एका दुपारी तो ऑफिसात असताना वीज गेली. पंप थांबला. सायफनच्या पाइपात हवा शिरली. तासाभराने वीज आली, पंप इमानदारीत पाणी वर ढकलू लागला, पण तुटलेला सायफन काही पुन्हा सुरू झाला नाही. पाणी वर जातंय आणि खाली यायला वाटच नाही! सम्पमधलं सगळं पाणी हॉलमध्ये. आणि हॉलमधून खालच्या काकूंच्या सीलिंगवर.

काकू चांगल्या म्हणून पोलीस आले नाहीत. पण घरमालकाचा फोन आला. डिपॉझिट, पेंटिंगचा खर्च आणि ‘‘ते मासे-बिसे बंद करा आता,’’ अशी प्रेमळ सूचना. एक तर बंड्या जाणार, नाहीतर फ्लॅट.

दुसरा मार्ग भोकाचा. मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक, त्यात टँक निपल, खाली पाइप. इथे पाणी निव्वळ गुरुत्वाकर्षणाने पडतं. वीज गेली तर पाण्याची पातळी भोकापर्यंत उतरते आणि थांबते. वीज आली की पुन्हा सुरू. मात्र तेवढं उतरणारं पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. शिवाय पाणी वर नेणारा पाइप टाकीत खोलवर बुडलेला असेल, तर पंप बंद पडल्यावर तोच उलटा सायफन होतो. म्हणून त्याला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र ठेवतात. तिथून हवा आत गेली की विषय संपला.

काच कुठली, ते आधी बघा

इथेच अनेकांचा घात होतो. साधी काच ड्रिल होते. टफन केलेली होत नाही. टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग आतल्या बाजूला दाबला जातो आणि गाभ्यात ताण राहतो. हे दोन्ही एकमेकांना धरून असतात तोवर काच दणकट. भोक पाडून तो तोल बिघडवला की अख्खी काच क्षणात चुरा. म्हणून टफन काचेला भोकं हवी असतील तर ती भट्टीत जाण्याआधीच पाडतात. तयार टाक्यांमध्ये कधी कधी फक्त तळाचीच काच टफन असते, तेव्हा प्रत्येक काच वेगळी तपासायची.

तपासायची कशी? ट्रिक मस्त आहे. लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा आणि काचेच्या मागे ठेवा. पोलराइज्ड गॉगल घेऊन तो फिरवत बघा, एका कोनात स्क्रीन काळी पडते. त्या कोनातून काच काळीच दिसली तर साधी. तिच्यात उजळ पट्टे किंवा ठिपके उमटले तर टफन. मग ड्रिल गुपचूप बॅगेत!

कणकेचं आळं

गच्चीवर परत येऊ. मित्राने आधी काचवाल्याकडून दहा एमएमचे दोन तुकडे आणले होते, प्रॅक्टिससाठी. पहिला तुकडा टक्कन दोन झाला. कारण? घाई. त्याने ड्रिलवर जोर दिला होता. दुसरा नीट जमला.

काचेला भोक पाडत नाहीत, खरं तर घासतात. डायमंडचा थर दिलेला गोल होल-सॉ काच कणाकणाने झिजवत जातो. म्हणून स्पीड कमी, हॅमर मोड बंद आणि वजन फक्त मशीनचं. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उष्णता. मित्राच्या आईने दिलेल्या कणकेचं त्याने खुणेभोवती आळं केलं, झाडाला करतात तसं, आणि त्यात पाणी भरलं. पाण्याने काच थंड राहते आणि काचेची पूडही नाकात जात नाही. ड्रिल बॅटरीवरचं, कारण पाणी आणि मेन्सची वायर एकत्र नकोत.

भोकाची जागाही मनाला येईल तिथे नाही. भोक आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर हवं. आमचं भोक ४५ मिलिमीटरचं, म्हणून कडेपासून तेवढी जागा सोडलेली. मापही निपल हातात आल्यावरच घ्यायचं, अंदाजाने नाही. आतून चिकटपट्टी आणि खाली जुने टॉवेल, नाहीतर सुटलेली चकती समोरच्या काचेवर आपटायची.

सुरुवात तिरकी. आधी चंद्रकोरीएवढी खाच, मग हळूहळू मशीन सरळ. पाणी दुधासारखं पांढरं झालं. दहा-बारा मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी आवाज बदलला, मित्राने हात आणखी हलका केला. बाहेर पडतानाच काचेच्या कडा उडतात म्हणे. आणि... टप्प. चकती टॉवेलवर.

मग ओल्या पॉलिश पेपरने कडा घासल्या, रबरी वॉशर आतल्या बाजूला बसवला आणि निपल हाताने आवळला. पाना लावून जोर काढायचा नाही, काच तडकते. टाकी चोवीस तास गच्चीवरच भरून ठेवली. २५५ लिटर, म्हणजे तेवढेच किलो. रात्री दोनदा टॉर्च घेऊन वर गेलो. खाली टिश्यू पेपर अंथरला होता, तो सकाळी कोरडाच!

तरी भीती जाते कुठे? १६ डिसेंबर २०२२ ला बर्लिनच्या हॉटेलातली ॲक्वाडोम ही प्रचंड अॅक्रिलिकची टाकी फुटली, तेव्हा सुमारे दहा लाख लिटर पाणी बाहेर आलं. मित्राने ती बातमी मुद्दाम वाचली नव्हती. मी वाचून दाखवली. मैत्री अजून टिकून आहे.

बंड्या दोन रात्री ड्रममध्ये, एअर पंपाच्या भरवशावर होता. रविवारी संध्याकाळी तो नव्या घरात गेला. पुढच्याच आठवड्यात आमच्या गप्पा रंगलेल्या असताना वीज गेली. दोन मिनिटांत बेल वाजली. दारात काकू, हातात मेणबत्ती.

‘‘काय रे, आज नाही ना?’’

‘‘आत या काकू, बघाच तुम्ही.’’

तिघंही टाकीसमोर बसलो. पाणी भोकापर्यंत उतरलं आणि थांबलं. अर्ध्या तासाने दिवे आले, पंप घरघरला, पाणी चढलं आणि मागच्या पाइपातून झुळझुळत खाली गेलं. जमीन कोरडी.

काकूंनी मेणबत्ती फुंकली, काचेला नाक लावून बंड्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘ह्याला पोळी चालते का रे?’’